कात्री तुमच्याकडं होती, अक्का

अक्का, तुम्ही मला 'कर की' का म्हणालात?

एवढंच विचारायचं आहे. बाकी रडून झालंय. माणसं भेटून गेली. तुमच्या माहेरची अक्कलकोटकडची मंडळी कानडीत तुमच्या आठवणी काढत चार दिवस राहिली आणि परत गेली. घरात आता आम्ही वेळेवर जेवायला बसतो. गाळ्याच्या दारात तुमच्या चपला मात्र अजून तशाच आहेत. त्या कुणी उचलत नाही आणि मीही उचला म्हणत नाही. तुम्हाला जाऊन महिनासुद्धा झाला नाही आणि मी तुमच्यावर चिडून बसलेय. "गेलेल्या माणसावर कुणी चिडतं का?" असं आमच्या ह्यांनी विचारलं. मी म्हटलं, "जिवंत होत्या तेव्हा चिडायची, तेव्हा कुठं विचारलं होतंत?" त्यांचंही बरोबर आहे म्हणा.

दोघी जावा, एक घर, एक स्वयंपाकघर, आणि वर एकच धंदा. बाळीवेशीत आपल्या घराखालच्या गाळ्यात दोन मशिनी टाकून आपण शाळेचे गणवेश शिवायला घेतले, तेव्हा अख्खी गल्ली वाट बघत होती, या दोघींचं कधी फाटतंय म्हणून. फाटलं नाही. आपलं तर लई पटायचं. तीच गोची झाली.

तो मरून चेक्स आठवतो का? एका लग्नाच्या पंगतीत कुठल्याशा शाळेचे एक विश्वस्त तुम्हाला म्हणाले, "पुढच्या वर्षी मुलींना शर्टावर घालायला मरून चेक्सचा पिनो करतोय, काम तुम्हालाच देऊ." तुम्ही घरी येऊन मला सांगितलं. माझ्या मनात लगेच आलं, पंगतीतलं बोलणं ते, शाळेनं अजून काही कळवलेलं नाही. पण तुमचा चेहरा इतका खुलला होता, की मी म्हटलं, "घेऊ की!" आपण कापडाचे तागे आणले. सीझनच्या आधी हात मोकळे राहावेत म्हणून कापूनसुद्धा टाकले. शाळेनं निळा रंग काढला.

ते कापलेले पिनो पोत्यात भरून माळ्यावर टाकत होतो, तेव्हा तुम्ही विचारलं, "शैले, तुला खरंच पटलं हुतं का गं?"

"नाही."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्हाला हवं होतं म्हणून."

"मला? मला कुटं हवं हुतं? मला त्या माणसाचा भरवसाच नव्हता. मला वाटलं, तुला हवंय!"

त्या चिमुकल्या पिनोंच्या ढिगात बसून आपण आधी हसलो. पोट धरून हसलो. मग तुमच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तुम्ही म्हणालात, "एकमेकींचं मन राखलं आपण, आणि धंद्याचं वाटोळं केलं."

त्या वर्षीच्या खंडेनवमीला मशिनींना हार घातले, नारळ फोडला, आणि पूजेतली ती मोठी लोखंडी कात्री तुम्ही उचललीत. मला वाटलं, कुंकू लावताय. तुम्ही म्हणालात, "ऐक. आजपास्नं वर्षभर कात्री माझ्याकडं. जिच्याकडं कात्री, तिनं न्हाय म्हणायचं. पटलं तरी न्हाय म्हणायचं. पुढच्या खंडेनवमीला कात्री तुझ्याकडं, न्हाय तुझं." मी म्हटलं, "हा काय पोरखेळ?" तुम्ही म्हणालात, "ब्याड. पोरखेळ म्हणायचं न्हाय." ब्याड म्हणजे तुमच्या कानडीतलं नको. लग्न होऊन इथं आल्यापासून तुमच्या तोंडी मी क्वचित ऐकलेला शब्द. त्या दिवसापासून तो इतका ऐकला, की माझ्या पोराच्या शाळेतल्या बाई मला म्हणाल्या, "हा डब्याला ब्याड म्हणतो, म्हणजे काय?"

काय छळ मांडलात हो तुम्ही! नवीन काज-बटणाची मशीन घेऊ? ब्याड. मोहोळच्या शाळेचं काम धरू? ब्याड. तुम्हाला स्कूटीवर मागं बसवून मी मोहोळला न्यायची आणि ट्रकच्या आवाजावर आवाज चढवून तुम्ही माझ्या कानात आडवं लावायचात. नाही म्हणणारीचं ऐकलंच पाहिजे, असं नव्हतं. पण तिला उत्तर दिल्याशिवाय पुढं पाऊल टाकायचं नाही, हे पक्कं होतं. आणि तुमचा प्रश्न ठरलेला. "ह्यातलं तुला ठाऊक काय हाय, आणि नुसतं वाटतंय काय?" इथंच मी पकडली जायची. कारण जे मी मोठ्या तोऱ्यात सांगत असायची, त्यातलं निम्म्याहून जास्त मला नुसतं वाटत असायचं. मग फोन करा, माणसाला भेटा, शाळेत जाऊन शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांना विचारा. आठवडा जायचा. मी जळफळायची. पण दोनाच्या चार होत मशिनींनी आणि शिवायला येणाऱ्या बायकांनी गाळा भरला, मग शेजारचा गाळा घेतला, तो त्या जळफळाटातूनच. लोक म्हणायचे, "बायकांचं नशीब बघा." आपलं भांडण कुणी ऐकलेलं नव्हतं ना.

आपलं एक भांडण मात्र संपलंच नाही.

त्या वर्षी कात्री तुमच्याकडं होती. मोहोळच्याच शाळेनं ऐनवेळी सगळ्या वर्गांचे गणवेश मागितले. तुम्ही नाही म्हणालात. कापड रंगून वेळेत येणार नाही, हे तुमचं म्हणणं. मी म्हटलं, येईल. "ठाऊक हाय का वाटतंय?" "वाटतंय, आणि मी करणार." उत्तर न देता पुढं गेलेली ती माझी एकच वेळ. कापड उशिरा आलं. शाळा उघडायची तारीख डोक्यावर आणि आपल्याकडं नुसत्या बाह्या शिवून तयार. मी देव पाण्यात घालून बसले. आणि त्या वर्षी ऊन असं पेटलं, की शाळा उशिरा उघडायचा हुकूम आला. माल पोचला. हेडमास्तरांनी मला शाल-नारळ दिला. मी पेढे घेऊन नाचत घरी आले. तुम्ही पेढा हातात घेतला आणि खाल्ला नाहीत.

"वाचलो आपण," म्हणालात. "निर्णय चुकलाच हुता."

"चुकला? अहो, माल पोचला, बायकांना काम मिळालं, शाळा खूश आहे. आणखी काय पाहिजे?"

"ऊन पडलं म्हणून. तू ठरवलं म्हणून न्हाय. नशीब काय आपल्याकडं कामाला हाय व्हय, रोज सकाळी येऊन बसायला?"

मी तुम्हाला त्या दिवशी अरेतुरे केलं. "तू समजतेस कोण स्वतःला?" असं ओरडले. सगळ्या मशिनी थांबल्या. थोरल्या जावेला धाकटीनं तू म्हटलेलं आपल्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. नंतर कितीतरी दिवस आपण पोरांच्या तोंडून निरोप पाठवत होतो. "आईला म्हणावं, मीठ कमी आहे." "काकूला म्हणावं, वरून घे." तुम्ही मला रागावला नाहीत, आणि आपलं म्हणणंही सोडलं नाहीत. मी आजही सोडलेलं नाही, सांगून ठेवते. धंदा शेवटाकडं बघून करायचा असतो. काय हाती लागलं ते खरं.

आणि त्याच तुम्ही! दुसऱ्या एका वर्षी, कात्री माझ्याकडं असताना, तुम्ही ट्रॅकसूटचं काम घेऊ म्हणालात. मी खोड्या काढून काढून ते पाडलं. ज्यांनी घेतलं त्यांची चांदी झाली. मला तोंड दाखवायची लाज वाटत होती. वाटलं, आता तुम्ही बोलणार, आणि बोलाच, ऐकून घेते. तुम्ही भाकरी थापत होतात. तव्यावरची उलटून म्हणालात, "तव्हा आपल्याला जे ठाऊक हुतं, त्याच्यावर तू बरोबर न्हाय म्हणालीस. आता रडू नगंस, कालवण वाढ." एवढंच. मी कालवण वाढलं. तुमच्याइतकं मोठ्या मनानं मला माझ्या सख्ख्या आईनंही कधी माफ केलं नाही. तुम्ही तर माफ करण्यासारखं काही आहे, हेच मानलं नाहीत. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. रोज दिसणाऱ्या माणसाला असलं काही सांगायला लाज वाटते.

गेल्या खंडेनवमीला मी कात्री तुमच्या हातात दिली. हे वर्ष तुमचं होतं.

उन्हाळ्यातला सीझन संपला, आणि तुमचं पोट दुखायला लागलं. तुम्ही ओवा खात राहिलात. मग दवाखाने, मग मोठा दवाखाना, मग डॉक्टरांचं हळू आवाजात बोलणं. त्यातच पुण्याची ही पार्टी आली. कंपनीतल्या कामगारांचे कपडे, बारा महिने काम. शाळांचं काम कमी होत चाललंय, हे तुम्हालाही दिसत होतं. एकेक संस्था एकाच मोठ्या दुकानाला सगळं देऊन टाकते. पण पार्टीची अट होती की जागा मोठी पाहिजे. म्हणजे गावाबाहेर चिंचोळी एमआयडीसीत शेड, कर्ज, नवीन मशिनी. आणि आपल्या बायका? घरचं आवरून, पोराला शाळेत सोडून चालत येणाऱ्या बायका. त्या रोज बस धरून चिंचोळीला येतील का? संध्याकाळी उशीर झाला तर घरचे येऊ देतील का? नाही गेलो, तर इथं काम कमी होत होत त्यांनाच घरी बसवावं लागेल. गेलो, तर त्यांच्यातल्या कितीजणी मागं राहतील? माझं डोकं चालेना.

म्हणून मी तुमच्याकडं आले. तुम्ही आजारी आहात, त्रास द्यायचा नाही, हे सगळं मला कळत होतं. पण मी तयारी करून आले होते, अक्का. तुम्ही काय काय विचाराल त्याची उत्तरं रस्ताभर घोकत आले होते. कॉटजवळ स्टुलावर बसून सगळं सांगितलं. शेड, कर्ज, बस, बायका, सगळं. आणि थांबले. तुमच्या ब्याडची वाट बघत थांबले.

तुम्ही माझ्याकडं बघितलं आणि म्हणालात, "कर की."

मला वाटलं, थट्टा करताय. मी म्हटलं, "अहो अक्का, कात्री तुमच्याकडं आहे! असं कुठं असतं? विचारा ना, ठाऊक काय आणि वाटतंय काय." तुम्ही सलाईनचा हात माझ्या हातावर ठेवलात. "लई दमलीस गं शैले," म्हणालात आणि डोळे मिटलेत. त्याच आठवड्यात तुम्ही गेलात.

आता सांगा, मी ह्याचं काय करू? तुम्हाला खरंच पटलं होतं का? की माझा दमलेला चेहरा बघून तुम्ही माझं मन राखलंत? मरून चेक्ससारखं? जी एक चूक पुन्हा होऊ नये म्हणून आपण आयुष्यभर भांडलो, तीच चूक तुम्ही जाता जाता माझ्या पदरात टाकलीत का?

राहवेना, म्हणून परवा तुमच्या ह्यांना, मोठ्या भावजींना विचारलं. ते अंगणात बसले होते. म्हटलं, "भावजी, अक्का तुमच्याशी शेडबद्दल काही बोलल्या होत्या का?"

त्यांनी मान वर केली. मग म्हणाले, "तुला 'कर की' म्हणाली न्हवं?"

"हो."

"मला बी म्हणाली. मी म्हणलं, तू बरी झालीस तर देवाला नवस फेडीन. तर म्हणली, कर की. जन्मभर माझ्या नवसाला हसली ती, शैला. आणि त्या दिवशी म्हणली, कर की. नर्सबाई म्हणली, सुई टोचू का, तर तिला बी म्हणली, कर की." त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. "आता त्यातलं तुझं कुठलं आणि माझं कुठलं, कसं सांगू?"

मी तिथंच पायरीवर बसले.

आज खंडेनवमी होती. आपल्यात सुतक पाळत नाहीत, म्हणून पूजा करायला हरकत नव्हती. बायकांनी मशिनी पुसल्या, झेंडूचे हार केले. दरवर्षीसारखी कात्री पाटावर ठेवली. पार्टीला आज संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं. मी ठरवलं, सगळ्यांना विचारू. नारळ फुटल्यावर सगळ्यांना खाली बसवलं आणि तुम्हाला सांगितलं होतं तसंच सगळं सांगितलं. "आता बोला," म्हटलं. "जायचं का चिंचोळीला?"

सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. मग ओव्हरलॉकच्या मशिनीवरची शोभा म्हणाली, "ताई, तुमी म्हणाल तसं."

बाकीच्यांनी मान डोलावली. तुमी म्हणाल तसं. तुमी म्हणाल तसं. माझ्या अंगाचा भडका उडाला. त्यांना खरंच तसं वाटतंय, की माझं नुकतंच माणूस गेलंय म्हणून माझं मन राखतायत, हेही मला कळेना. मी कात्री उचलली आणि शोभाच्या हातात कोंबली. म्हटलं, "ही धर. आता तू अक्का. मी म्हणतेय, शेड घेऊ. तू नाही म्हण. कारण सांग. माझ्याशी भांड. एकदा तरी नाही म्हण गं!"

शोभा घाबरली. कात्री दोन्ही हातांत धरून माझ्याकडं बघत म्हणाली, "तुमी म्हणत असाल तर म्हणते की न्हाय."

एक-दोघी हसल्या. मलाही हसू आलं, आणि हसता हसता मी तिथं सगळ्यांसमोर धाय मोकलून रडले. शोभानं कात्री पाटावर ठेवली आणि मला पाणी आणून दिलं. भली बाई आहे. तिचा काय दोष? भांडायची सवय आपल्या दोघींना लागायला किती वर्षं गेली, आणि आपण ती आणखी कुणालाच लावली नाही. दोघी असताना आपल्याला तिसरी लागलीच नाही कधी. तुमच्या माझ्यानंतर काय, हा प्रश्न ना कात्री हातात असलेल्या तुम्ही मला विचारलात, ना मी तुम्हाला.

बायका प्रसाद घेऊन घरी गेल्या. मी एकटी गाळ्यात बसले. कात्री घेतली. रीतीप्रमाणे आजपासून ती माझीच. नाही म्हणायचं वर्ष माझं, आणि शेडची बाजू लढवायचं तुमचं. मी सुरुवात केली. म्हटलं, कर्ज डोक्यावर घेऊन पार्टी वर्षभरात पळाली तर? बायका आल्याच नाहीत तर? पुण्याचा माणूस फोनवर गोड बोलतो, यापलीकडं त्याच्याबद्दल मला ठाऊक काय आहे? खोडी काढायला मला वेळच लागला नाही. तुमच्याकडंच शिकलेय. एकेक मुद्दा टाकायची आणि थांबायची. दारातून बाहेरच्या रिक्षांचा आवाज येत होता. मशिनींवरचे हार होते, तुमच्या चपला होत्या. उत्तर द्यायला कुणी नव्हतं.

आणि पुण्याचा फोन वाजला.

"ताई, काय ठरलं मग?"

माझ्या हातात कात्री होती, अक्का. माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही."

मी थांबले. आता ते म्हणतील, का हो ताई? मग मी सांगीन. मग ते काही म्हणतील, मग माझं थोडं चुकेल, त्यांचं थोडं चुकेल, आणि त्यातून काहीतरी दिसायला लागेल. आपल्याकडं नाही म्हटलं की बोलणं सुरू व्हायचं ना! ते म्हणाले, "बरं ताई. हॅपी दसरा." आणि फोन ठेवला. इतकं सोपं. तुमच्या माझ्यात एका बटणाच्या रंगावरून सबंध दुपार गेलीय, आणि हे एवढं मोठं काम दोन शब्दांत संपलं.

बरोबर केलं का चूक केलं, मला ठाऊक नाही. नुसतं वाटतंयसुद्धा नाही. पुढच्या सीझनला काम कमी पडलं, शोभाला घरी बस म्हणायची वेळ आली, तर मी तिला काय कारण सांगू? कात्री हातात होती म्हणून? तुमचा शेवटचा शब्द मोडला मी. की तुमची रीत पाळली? तुम्ही असतात तर आत्ता पदर खोचून उभ्या राहिल्या असतात, मला झोपू दिलं नसतंत, सकाळी स्कूटीवर मागं बसून पुण्यापर्यंत माझ्या कानात ओरडल्या असतात.

मी नाही म्हटलंय, अक्का. कात्री माझ्याकडं आहे. हो म्हणायची पाळी तुमची आहे.

भांडा की माझ्याशी.